चुंबकांचा तांबडा गाळ

५ मार्च २००६, रविवार. कोल्हापूर

सकाळपासून चुंबकांना फळ्या बांधत होते. भातगिरणीत साळीबरोबर खिळे, विळ्याची तुटकी टोकं, बैलाच्या खुराच्या पत्रीचे तुकडे असं बरंच लोखंड येतं. ते पकडायला आम्ही चुंबकाच्या दांड्या बनवतो. दांडी दिसायला लाटण्याएवढी, पण दोन दांड्या चुकून जवळ आल्या आणि मध्ये बोट सापडलं तर नख जातं. म्हणून प्रत्येक दांडीला चारी बाजूंनी फळ्या, वर गोणपाट, मग खोका. बारा दांड्या बांधून होईपर्यंत जेवणवेळ टळली. गाडी दुपारचीच होती.

आमचा कारखाना म्हणजे दोन शेड आणि सहा माणसं. नवरा लेथ सांभाळतो, मी गिऱ्हाईक सांभाळते. खोक्याला सुतळी आवळताना तो म्हणाला, “खरं सांग, गिरण्यांसाठी चाललीस की माशासाठी?”

“दोन्हीसाठी,” मी म्हटलं.

हे अर्धंच उत्तर होतं. मी यमुनासाठी चालले होते.

वडिलांची बदली झाली तेव्हा मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. शिक्षण मोडायला नको म्हणून मला तिथंच एका घरी खोली घेऊन ठेवलं. त्या खोलीत दुसरी मुलगी होती यमुना, जवळच्या एका गावातल्या ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरची. तिच्या गावातून कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी. (गावाचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेल.) दोन वर्षं दर शनिवारी मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर बसून, नुकत्या धरलेल्या माशाचा रस्सा आणि लुचई तांदळाचा भात खाल्ला. मग माझं लग्न झालं, कोल्हापूर आलं. तेहतीस वर्षं मी त्या पाळीवर पुन्हा बसले नव्हते. तसं काही अडलं नाही. पण कुठंही मासा खाल्ला की दुसऱ्या घासाला वाटायचं, हा तो नव्हे.

आता थोडं चुंबकाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. आमच्या दांड्यांत निओडिमियम नावाचा धातू असतो. दुर्मिळ मृदा धातू म्हणतात त्यांतला हा एक. तो बहुतेक चीनमधून येतो. तो काढायला डोंगर फोडावा लागतो, दगड आम्लात धुवावा लागतो आणि उरलेली घाण कुठंतरी साठवावी लागते. अशा एका साठवणीचा फोटो मी मासिकात पाहिला होता. काळपट पाणी आणि काठाला एकही झाड नाही. तेव्हापासून मी ठरवलं की गिऱ्हाइकाची झिजलेली दांडी परत घ्यायची आणि तिच्यातला धातू काढून पुन्हा वापरात आणायचा. आमच्या गल्लीतल्या रसायनाच्या निवृत्त प्राध्यापकांनी रीत शिकवली. चुंबक भट्टीत तापवलं की त्याचा जोर जातो. मग कुटून आम्लात विरघळवायचं. त्यात दुसरं एक आम्ल घातलं की जांभळट गुलाबी भुकटी खाली बसते. ती पुढे एका कारखान्याला जाते. मागे उरतं ते आम्लाचं पाणी, त्यात लोखंड आणि निकेल. त्यात चुना घालून आम्ल मारायचं, गाळ बसू द्यायचा, तो प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात पुरायचा.

हे काम कोल्हापुरात सहज झालं असतं. मी ते दोन वर्षांपूर्वी ब्रह्मपुरीत मोटार वाइंडिंग करणाऱ्या गफूरभाईंना दिलं. नवऱ्याला सांगितलं, गिरण्या तिकडे आहेत, जुन्या दांड्या इतक्या लांब कशाला आणायच्या. तेही खोटं नव्हतं. पण मला तिकडे जायला दरवर्षी एक कारण हवं होतं. पन्नाशीच्या बाईला नुसतं ‘मैत्रिणीकडे जाते’ म्हणून हजार किलोमीटर जाता येत नाही.

काम लावायला गेले तेव्हा घाईत होते. यमुनाकडे अर्धा तास, चहा. ती म्हणाली, थांब ना आज. मी म्हटलं, पुढच्या वेळी. पुढच्या वर्षी जमलंच नाही.

बल्लारपूर

मधला प्रवास सांगण्यासारखा नाही. मंगळवारी सकाळी बल्लारपूरला उतरले तेव्हा पेपर मिलचा उकडलेल्या लाकडासारखा वास स्टेशनात भरला होता. कामाला जाणाऱ्यांची गर्दी, सायकली, लुना. टपरीवर पोहे मागितले तर पोऱ्याने वर लाल तर्री ओतली. आम्ही कोल्हापूरकर तिखटाची मिजास करतो, पण सकाळी सात वाजता पोह्यांवर चण्याची तर्री हे धाडस आमच्यात नाही. मी दुसरी प्लेट घेतली.

इथल्या एका भंगारवाल्याने माझ्यासाठी बिघडलेल्या कॉम्प्युटरांतली चुंबकं बाजूला काढून ठेवली होती. नखाएवढ्या, कमानीच्या आकाराच्या चकत्या. सगळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा लाडू झाला होता.

“बाई, हे वेगळे करता करता माझी बोटं गेली,” तो म्हणाला. “याचं तुमी करता तरी काय?”

“धातू काढतो. नवीन खणायला नको म्हणून.”

“मंग आमच्या कोळशाचंही काही पाहा ना,” तो म्हणाला. मागे खाणीचा मातीचा डोंगर उभा होता, झाडं नसलेला. आम्ही दोघंही हसलो.

मुलचेरा

दुसऱ्या दिवशी मुलचेऱ्याला एका गिरणीत दांड्या बसवायच्या होत्या. बस चुकली, म्हणून काळीपिवळी जीप. खोका पायाशी ठेवला आणि जंगल बघत बसले. पळस पेटला होता. मोहाखाली पहाटे वेचलेल्या फुलांच्या टोपल्या घेऊन बायका चालल्या होत्या आणि जीपमध्येही तोच गोडसर, आंबूस वास येत होता.

घोळ उतरताना झाला. खालची एक फळी वाटेत निसटली होती आणि खोका जीपच्या पत्र्याला असा बसला होता की हलेना. मी ओढला, ड्रायव्हरने ओढला, मग मागच्या सीटवरचे दोन म्हातारे खाली उतरले.

“बाई, यात देव बसून राह्यला का?” एक म्हातारा म्हणाला. “मंग नारळ फोडा, उगाच ओढू नका.”

“नारळ नको, पहार द्या,” मी म्हटलं.

ड्रायव्हरने जॅकचा दांडा दिला, तर तोही खोक्याला जाऊन चिकटला. शेवटी बैलगाडीची लाकडी खुंटी मागून आणली आणि खोका निघाला. जीप पाऊण तास खोळंबली. कुणी चिडलं नाही. आमच्याकडे एवढ्या वेळात शिव्यांत माझे आईबाप निघाले असते.

मुलचेऱ्याभोवती बंगाली वस्तीची गावं आहेत. फाळणीनंतर उठून आलेली माणसं इथं जंगलात आणून वसवली. गिरणीवाल्याची बायको वयाने माझ्याएवढी. तिने मोहरी वाटून केलेला मासा वाढला आणि समोर बसून विचारलं, “दीदी, कैसा है?”

“छान आहे.”

“छान बोलती हो, लेकिन मुँह नहीं बोलता,” ती म्हणाली. मग स्वतःच सांगितलं, तिची सासू मरेपर्यंत म्हणायची, हा मासा बरा आहे, पण आमच्या नदीचा नव्हे. सासूची नदी सरहद्दीपलीकडे राहिली होती. माझा तलाव तर दोन दिवसांवर होता. मला बसल्या जागी उतावळं व्हायला झालं.

ब्रह्मपुरी

गफूरभाई साठीचे, दाढी पांढरी, बोटं तांब्याच्या तारेने चिरलेली. त्यांची वाइंडिंगची खोली मला फार आवडते. प्रत्येक मोटारीला चिठ्ठी, प्रत्येक हत्यार खुंटीला. मागच्या शेडमध्ये भट्टी आणि आम्लाचे ड्रम. मी लिहून दिलेलं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी भिंतीला टाचलं होतं.

गुलाबी भुकटी बरणीत वाळवून ठेवली होती. उत्तम होती. मी खूश झाले आणि सहज विचारलं, “खड्डा कुठं केलात?”

“खड्डा नाई केला, ताई.”

“मग गाळ?”

“तो कामाला लावला.” ते जरा हसले, बक्षीस दाखवताना माणूस हसतो तसे. “खड्डा खणून पाह्यला मी. पाच फुटांवर पाणी लागलं. बाजूला त्या घरवाल्यांची विहीर. प्लास्टिक फाटलं तर सगळं विहिरीत. म्हणून नाई पुरलं. मग डोकं लावलं. ढिवर लोक तलावात चुना टाकतात का नाई? मासोळीचं बी सोडायच्या आधी, थंडीत रोग आला तर. विकत आणतात बिचारे. आपल्या ड्रममध्ये तर चुनाच चुना. आम्ल तपासायचा निळा कागद लावून पाह्यला, लाल नाई झाला, बरोबर तुम्ही लिहिलं तसा. मग पाठवून दिलं.”

“वरचं पाणी?”

“वरचं काऊन? चुना तर खालीच बसतो ना. वरचं पाणी पाठवून काय फायदा? पूर्ण गाळ पाठवला. एक पैसा नाई घेतला.”

मी स्टुलावर बसले. इकडे तलावात चुना टाकतात हे मला माहीत होतं. यमुनाच्या वडिलांना पांढरे हात करून घमेली रिकामी करताना मी पाहिलं होतं. तरी कार्ड लिहिताना ते आठवलं नव्हतं. माझं कार्ड कोल्हापूरच्या जमिनीसाठी लिहिलेलं होतं. तिथं पुरुषभर मुरूम लागतो आणि तळं म्हणजे म्हशी धुवायची जागा. इथल्या माणसाला तळाचा चुना वाया घालवणं हे पाप वाटेल, हे मला सुचायला हवं होतं. गाळ वाईट का, हे मी कुठंच लिहिलं नव्हतं. फक्त ‘पुरा’ एवढंच लिहिलं होतं.

“कुठल्या तलावात?” मी विचारलं.

“तुमच्या मैत्रिणीच्या गावी. तुम्हीच म्हणाल्या होत्या ना, त्यांचं काही काम पडलं तर पाहा, माझ्या घरचं समजा.”

मी म्हणाले होते. निघता निघता, जीपच्या दारातून.

मी त्यांना सगळं सांगितलं. चुन्याने आम्ल मरतं, पण लोखंड आणि निकेल कुठं जात नाही, ते गाळातच राहतं. गाळ तळाशी पसरतो, ढवळला की वर येतो. गफूरभाई उठून भिंतीशी गेले आणि कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

“सोमवारी अजून दोन ड्रम द्यायचे आहेत,” ते म्हणाले. “त्यांनी मागितले आहेत. मासोळी बीमार आहे म्हणून.”

गाव

शुक्रवारी अकराला गावात पोचले. यमुना ओसरीवर उभी होती. केस पुरते पांढरे, पाठ तशीच ताठ.

“आली का व? मले वाटलं, यंदाही नुसतं पत्रच येते.”

“आले की.”

“जाड झाली तू. चांगलं झालं. पयले पाय धू.” तिने तांब्या पुढे केला. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा, इथं आधी पायांवर पाणी. ते गार पाणी पायांवर पडलं आणि मी क्षणभर सतरा वर्षांची झाले. तसं लिहायला मला आवडत नाही, पण तसंच झालं.

घर फार शांत होतं. मुलगा, सून, नात कुणीच दिसेना.

“मिरची तोडाले गेले,” ती म्हणाली. “आंध्रात. नातीलेही घेऊन गेले, शाळा बुडवून. आमच्या घरचं कोणी याच्या आधी कधी गेलं नोहतं व. ढिवराले तलाव असल्यावर मिरची कायले तोडा लागते? पण यंदा तलावच बसला. आता जेवाले बस.”

ताटात लुचईचा भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, मिठात घातलेली मिरची. तिने वाढताना माझ्याकडे पाहिलं नाही.

“मासोळी नाई. तेहतीस वर्षांनं जेवाले आली अन् तुले वरण वाढून राह्यलो आमी.”

“काय झालं माशांना?” मी विचारलं. विचारायला नको होतं, मला माहीत होतं. पण तिच्या तोंडून ऐकायचं होतं, किंवा थोडा वेळ काढायचा होता.

“दिवाळीपरेंत चांगले होते. मंग गाडीवाटेच्या बाजूच्या कोपऱ्यातून सुरू झालं. वर येतेत, तोंड उघडतेत अन् उलटे होतेत. कल्ले उघडून पाह्यले तं आत लाल चिकट. वडश्याच्या बजारात बाया मासोळी उचलतेत, वास घेतेत अन् खाली ठेवतेत. मासोळी सोसायटीचे सोळा घर आहेत. त्यातले नऊ गेले मिरचीले.” तिने माझ्या भातावर आणखी वरण ओतलं. “पण आता सोमवारी गफूरभाईचा अजून चुना येऊन राह्यला. थो पडला का सुधारन. मी तं सोसायटीत छाती ठोकून सांगतलं, माझ्या कोल्हापूरच्या मैतरणीनं सोय लावून देली, फुकट. दादाजी भाऊ अध्यक्ष आहे, बुढा बाईचं कधी आयकत नाई. पण म्हणे, यमुनाबाई, तुमची मैतरीण कामाची आहे.”

मी भात संपवला. उष्टं टाकायची मला सवय नाही. आणि खरं सांगायचं तर त्या भाताची मला तेहतीस वर्षं भूक होती. वरणाबरोबरही तो तोच होता.

“चल,” मी म्हटलं, “तलाव दाखव.”

तलाव मला आठवत होता त्याहून लहान होता आणि त्याहून सुंदर. मार्चमधलं पाणी, निम्म्यावर आलेलं. काठाच्या चिखलात बगळे. पलीकडे कापलेल्या धानाचे पिवळे बांध आणि त्यामागे जंगलाची निळी रेघ. पाळीवरचं जांभळीचं झाड जाड झालं होतं, माझ्यासारखंच. त्याखाली बसले आणि जिथं तेव्हा बसायचे तिथूनच पाहिलं. मला एवढंच हवं होतं. आणखी तासभर मी गप्प राहिले असते तर ते मिळालं असतं.

गाडीवाटेच्या बाजूचा कोपरा, म्हणजे बैलगाडी जिथपर्यंत येते तो, तांबडा होता. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या पट्ट्यावर गंजाच्या रंगाची साय वाळून तडकली होती. आत पाण्याखालीही ती पसरलेली दिसत होती, खोलीकडे फिकट होत गेलेली. मी पिशवीतून एक दांडी काढून ओल्या गाळातून फिरवली. असला गंज चुंबकाला चिकटत नाही, हे माहीत होतं. तरी हात राहवेना. एक मोडका गळ तेवढा चिकटून आला. यमुनाने तो काढून पदराला पुसला आणि कमरेला खोचला.

“यमुना, हा रोग नाही,” मी म्हटलं. “हा गफूरभाईंच्या ड्रममधला गाळ आहे. नुसता चुना नव्हता त्यात. माझ्या कामातली घाण होती. लोखंड, निकेल. ते माशांच्या कल्ल्यांत बसलं. सोमवारचे ड्रम मी थांबवलेत.”

तिने कमरेला खोचलेला गळ चाचपला.

“म्हणजे तू पाठवलं?”

“मी पुरायला सांगितलं होतं. का पुरायचं ते सांगितलं नाही. त्यांना वाटलं चुना आहे, तलावाच्या उपयोगाचा.”

“मंग तुझंच ना.”

“माझंच.”

यमुना पाळीवर बसली. खालून एक बाई हातजाळी घेऊन चालली होती. तिने हाक मारली, “यमुनाबाई, आली का पाहुणी?” यमुनाने नुसता हात वर केला. बाई गेल्यावर म्हणाली, “माझी नात मिरचीत आहे. आठ वर्षांची. रोज सांजचे हात आगीवानी जळतेत म्हणे, फोनवर रडते. अन् मी इथी लोकाइले सांगून राह्यली, माझ्या मैतरणीचा चुना.”

माफी मागायची मला नीट जमत नाही. मी जे जमतं ते बोलले. गाळ अजून एकाच कोपऱ्यात आहे. खोल पाण्यातले मासे वाचतील. पाऊस यायच्या आत, पाणी उतरलेलं असताना हा थर काढला तर पुढच्या बियाला धोका कमी. सगळा निघेल असं मी म्हणत नाही. काढलेला गाळ इथं पुरायचा नाही, ड्रममध्ये भरून मी ट्रकने कोल्हापूरला नेईन. पाणी आणि मासा तपासून घेईन, तोवर या कोपऱ्यातली मासोळी कुणी खायची नाही, विकायची नाही. आणि काम आजपासून इथलं बंद.

“तुझं काम चांगलंच होतं म्हणे,” ती म्हणाली. “पत्रात लिवत होती ना तू, डोंगर वाचते म्हणून.”

“वाचतो. थोडासा.”

“कोनाचा डोंगर?”

तो डोंगर मी कधी पाहिलाच नव्हता, फक्त त्याच्या घाणीचा फोटो पाहिला होता.

ती उठली. लुगडं झटकलं. “उद्या सकाळी सोसायटी जमते इथी, पाळीवर. तूच सांग. मी नाई सांगत. मी एकडाव सांगून बसली तुझ्याबद्दल.”

मी शेजारच्या घरून गफूरभाईंना फोन केला, सगळे रिकामे ड्रम घेऊन या म्हटलं. त्यांनी “किती वाजता?” एवढंच विचारलं.

त्या रात्री यमुनाने मला वाढलं, अंथरूण दिलं, मच्छरदाणी खोचून दिली. पाहुणी म्हणून करायचं ते सगळं केलं. मग दिवा विझवून कूस बदलली. पूर्वी दिवा गेला तरी आमचं बोलणं संपत नसे, आणि शेवटी तिची आई भिंतीवर थाप मारायची.

शनिवारी सकाळी सात वाजता पाळीवर अकरा माणसं जमली, त्यांत चार बायका. गफूरभाई टेम्पोतून ड्रम घेऊन आले होते आणि लोकांपासून थोड्या अंतरावर उभे होते. मी त्यांना जवळ बोलावलं. मग उभी राहून सांगितलं. पाच मिनिटं लागली. चूक माझी, यांनी माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवला, यमुनाबाईंनीही. एक माणूस शिवी देऊन उठून गेला. एका बाईने विचारलं, पोरांनी खाल्ली त्याचं काय? मी म्हटलं, डॉक्टरांकडे नेऊ, मी येते बरोबर. काय होईल ते मला माहीत नाही. खोटं बोलून धीर देण्याची माझी हिंमत नव्हती.

दादाजी भाऊंनी बिडी विझवली.

“हे निंगते का?” त्यांनी कोपऱ्याकडे हात केला.

“निघतं. हातानं, हळूहळू. ढवळायचं नाही.”

“मंग काढा,” ते म्हणाले.

मी चपला पाळीवर काढल्या, पातळ वर खोचलं, गफूरभाईंच्या टेम्पोतलं एक घमेलं घेतलं आणि तांबड्या कोपऱ्यातून पाण्यात उतरले. चिखल मऊ होता आणि पाणी गार होतं. गुडघ्यापर्यंत गेल्यावर वाकले आणि पहिलं घमेलं भरायला घेतलं. मागे पाण्यात आणखी पावलं वाजली. कुणाची ते बघायला मी वळले नाही, कारण वळले असते तर गाळ ढवळला असता.